बीपी आहे, मग कोणते मीठ घ्यावे?

“डॉक्टर, बीपी निघालं म्हणून घरी सैंधव सुरू केलं,” असे सांगणारे रुग्ण वरचेवर भेटतात. सैंधव किंवा गुलाबी मीठ साध्या मिठापेक्षा बरेच महाग असते, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बीपीला त्याचा वेगळा फायदा नाही. शिवाय त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. आयोडीन कमी पडले तर गलगंड होऊ शकतो. गरोदरपणात बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. म्हणून साधे आयोडीनयुक्त मीठच आणा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

‘लो सोडियम’ मिठाबाबत मात्र जास्त सावध राहा. त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशी गोळी चालू असेल, तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वापरू नका.

बीपीसाठी महत्त्वाचे आहे ते मिठाचे प्रमाण. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच धरा. पानात मीठ वाढू नका. आमटी अळणी लागली, तर लिंबू पिळा.