चार खुर्च्या, तरी फर्निचर एकवचनीच

'चार खुर्च्या आहेत, दोन कपाटं आहेत, मग फर्निचर्स का नाही म्हणायचं?' हा प्रश्न इंग्रजी शिकणाऱ्यांकडून, आणि कधीकधी शिकवणाऱ्यांकडूनही, सतत ऐकू येतो. त्याच्या मुळाशी एक पक्का समज असतो: वस्तू एकापेक्षा जास्त असल्या की नाम अनेकवचनी होतं, आणि इंग्रजीत अनेकवचन करायचं म्हणजे शेवटी 'एस' लावायचा. याच समजातून अर्जांत 'इन्फॉर्मेशन्स' येतात, निविदांत 'इक्विपमेंट्स' येतात, दुकानांच्या पाट्यांवर 'फर्निचर्स' आणि 'स्टेशनरीज' रंगवले जातात. चूक दाखवली की उत्तर ठरलेलं असतं: इंग्रजी भाषेला तर्कच नाही. खरी चीड येते ती या उत्तराची. व्याकरणातलं वचन म्हणजे वस्तूंची मोजदाद नव्हे, हे मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला शाळेत जाण्याआधीपासून येत असतं. इंग्रजीचं पुस्तक उघडलं की मात्र आपण ते बाजूला ठेवतो आणि 'एक म्हणजे एकवचन, अनेक म्हणजे अनेकवचन' या सोप्या पण चुकीच्या नियमावर विसंबतो.

पुरावा स्वयंपाकघरातच आहे. खिचडीसाठी आपण साबुदाणा भिजवतो आणि शेंगदाणे भाजतो. साबुदाण्याचे दाणे शेकड्यांनी असतात, तरी तो 'भिजला'. शेंगदाणे त्याहून कमी असले, तरी ते 'भाजले'. मटकी भिजत घातली, पण मूग भिजत घातले. ज्वारी निवडली, पण गहू निवडले. पोहे नेहमी 'झाले', उपमा नेहमी 'झाला'. यातला एकही फरक दाणे मोजून ठरलेला नाही. भाषेने काही पदार्थांकडे एक रास म्हणून पाहिलं आणि काहींकडे सुट्या नगांचा समूह म्हणून. आपण ते शब्दाबरोबरच शिकलो, म्हणून त्यात काही खटकत नाही. दुसरा पुरावा माणसांचा आहे. बाबा आले, डॉक्टर म्हणाले, सर रागावले. माणूस एकच, क्रियापद मात्र अनेकवचनी, कारण इथे अनेकवचन संख्या सांगत नाही, आदर सांगतं. ज्या भाषेत रोज हजारदा एका माणसासाठी अनेकवचन वापरलं जातं, त्या भाषेच्या माणसाने वचन आणि संख्या एकच समजावी, हे पटण्यासारखं नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ज्या शब्दांवर आपण सर्वाधिक अडखळतो, त्यातल्या कित्येकांबाबत मराठीचा कान अचूक आहे. 'माहिती मिळाली' असं आपण म्हणतो; दहा कागद हाती आले तरी 'माहित्या मिळाल्या' असं कोणी म्हणत नाही. पाच बॅगा असल्या तरी 'सामान आलं' असंच म्हणतो. आणि फर्निचर हा शब्द तर आपण मराठीत घेतला तोच एकवचनी: घरात नवं फर्निचर 'आलं'. म्हणजे 'इन्फॉर्मेशन्स', 'लगेजेस' आणि 'फर्निचर्स' या चुकांचं खापर मातृभाषेवर फोडता येत नाही. मराठीचं बोट धरून चाललं असतं तर त्या झाल्याच नसत्या. त्या होतात अर्धवट शिकवलेल्या 'एस'च्या नियमामुळे. मराठी दगा देते ती वेगळ्या शब्दांत. सल्ल्याचे सल्ले होतात, पण 'अ‍ॅडव्हाइस' राशीसारखा एकवचनी राहतो. बातमीच्या बातम्या होतात, पण 'न्यूज'च्या शेवटी 'एस' असूनही तिला 'इज' लागतं. केस पांढरे 'झाले', पण डोक्यावरच्या सगळ्या केसांना मिळून 'हेअर' म्हणताना क्रियापद एकवचनी येतं. उलट आपली कात्री, चष्मा आणि विजार एकेकटी असतात, तर इंग्रजीत 'सिझर्स', 'स्पेक्टॅकल्स' आणि 'ट्राउझर्स' अनेकवचनी चालतात, वस्तू एकच असली तरी.

मग इंग्रजांच्या डोक्यात तरी काही तर्क आहे का? त्यांच्याकडेही 'व्हीट' एकवचनी आणि 'ओट्स' अनेकवचनी आहे, दोन्ही धान्यंच असली तरी. शेजारच्या फ्रेंचमध्ये माहितीचं अनेकवचन बिनदिक्कत होतं, फर्निचरमधला एकेक नग मोजणारा स्वतंत्र शब्द आहे, केस अनेकवचनी आहेत आणि विजार एकवचनी. जग तेच, खुर्च्या त्याच. भाषा बदलली की वचन बदललं. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ साली 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात मोजता येणारी नामं आणि राशीवाचक नामं हा भेद सविस्तर मांडला. हा भेद वस्तूंचा नाही, शब्दांचा आहे, हे लक्षात आलं की निम्मा गोंधळ संपतो. इतिहास तर हे आणखी स्पष्ट करतो. वाटाण्याला जुन्या इंग्रजीत 'पीज' हाच एकवचनी शब्द होता. शेवटचा 'झ' ऐकून लोकांना तो अनेकवचनाचा वाटला आणि त्यांनी तो काढून 'पी' हा नवा शब्द घडवला. 'चेरी'चं असंच झालं. मूळ फ्रेंच शब्दातला शेवटचा 'स' अनेकवचनाची खूण समजून गळून पडला. 'न्यूज' शेक्सपिअरच्या काळात एकवचनीही चाले आणि अनेकवचनीही. कान, सवय आणि गैरसमज यांनी घडलेल्या या गोष्टी आहेत. बेरीज करून त्या सापडणार नाहीत.

यावर एक रास्त आक्षेप येतो. लोकांच्या चुकीतूनच 'पी' जन्माला आला असेल, तर उद्या 'फर्निचर्स'ही शुद्ध ठरेल. आज अडवता कशाला? भाषा बदलते हे खरंच आहे. 'मेल' हा शब्द राशीवाचक असूनही त्याच्यापासून निघालेल्या 'ईमेल'चं 'ईमेल्स' सर्वमान्य झालं. हॉटेलात 'टू कॉफीज' मागणं गैर नाही, कारण तिथे कॉफी म्हणजे कप. पण बदल होऊ शकतो म्हणजे तो झालाच आहे, असं नाही. इंग्रजीचे प्रमुख कोश आजही 'फर्निचर', 'इन्फॉर्मेशन', 'इक्विपमेंट' आणि 'अ‍ॅडव्हाइस' हे शब्द सामान्य अर्थाने न मोजता येणारेच मानतात. परीक्षेत गुण जातात, अर्ज वाचणाऱ्याच्या मनात पहिलं मत तिथेच बनतं. चुकणाऱ्याला हसण्याचं कारण नाही, पण त्याला खरं न सांगणं हाही अन्यायच आहे.

दुसरीकडे एक उलटा गैरसमज आहे आणि तो स्वतःला शुद्धतावादी म्हणवणाऱ्यांचा आहे. 'नन' म्हणजे 'नॉट वन', म्हणून त्याला एकवचनच हवं, असं ते ठासून सांगतात. वचन मोजून ठरवण्याची हीच चूक इथे विद्वत्तेचा वेष घेऊन येते. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६च्या 'मॉडर्न इंग्लिश यूसेज'मध्येच हा समज चुकीचा ठरवला होता; दोन्ही वचनं चालतात. एका अनोळखी व्यक्तीसाठी 'दे' वापरणं हीसुद्धा आजकालची फॅशन नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीतला त्याचा जुना दाखला १३७५च्या सुमाराचा आहे. शिवाय 'यू' हे मुळात अनेकवचनच होतं. आदरासाठी ते एका माणसालाही वापरलं जाऊ लागलं आणि एकवचनी 'दाउ' मागे पडलं. म्हणून आजही एकाच माणसाला 'यू आर' म्हणतात. 'बाबा आले' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये.

उरलेले समज थोडक्यात. 'वन ऑफ माय फ्रेंड' चूक आहे. मराठीतही आपण 'मित्रांपैकी एक' म्हणतो, 'मित्रापैकी' नाही, म्हणून 'फ्रेंड्स' हवं. 'पोलीस' इंग्रजीत नेहमी अनेकवचनी, 'द पोलीस आर'. एकटा असेल तर 'पोलीस ऑफिसर'. 'अ‍ॅल्युमनाय' आणि 'क्रायटेरिया' ही अनेकवचनं आहेत. एकट्या माजी विद्यार्थ्याने स्वतःला 'अ‍ॅल्युम्नस' म्हणावं, एका निकषाला 'क्रायटेरिअन'. 'टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक' बरोबर आहे, कारण ते अंतर म्हणून एकच आहे. 'डेटा इज' आणि 'डेटा आर' दोन्ही प्रचारात आहेत. 'फिशेस' चूक नाही. माशांच्या जातींबद्दल बोलताना तोच शब्द येतो. 'ऑक्टोपस' मूळचा ग्रीक आहे, त्याला लॅटिन धाटणीचं 'ऑक्टोपाय' लावण्यापेक्षा साधं 'ऑक्टोपसेस' बरं.

मग शिकायचं कसं? जसं मराठी शिकलो तसंच. न मोजता येणारी गोष्ट मोजायची वेळ आली की मराठी माप हाताशी धरते: दोन कोथिंबिरी आणत नाहीत, दोन जुड्या आणतात, चार लसूण सोलत नाहीत, लसणाच्या चार पाकळ्या सोलतात. इंग्रजीतला 'पीस ऑफ फर्निचर' किंवा 'पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस' ही तशीच जुडी आणि पाकळी आहे. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ साली तिथेच छापला गेला. मोजता येणारी आणि न येणारी नामं वेगळी दाखवण्याची सोय त्यांनी परक्या शिकणाऱ्यांसाठी केली, आणि आज विद्यार्थ्यांच्या इंग्रजी कोशांत शब्दापुढे दिसणारी 'सी' आणि 'यू' ही अक्षरं तेच काम करतात. नवा शब्द पाठ करताना ते एक अक्षर पाहावं आणि शब्द एकटा न शिकता क्रियापदासकट शिकावा. 'पोहे' हा शब्द आपण 'झाले'सकट शिकलो. दाणे मोजायची गरज कधी पडली नाही.