गीताचा अर्थ कोणाचा? : चिमूरच्या एका भजनाच्या निमित्ताने

गीतकाराने आपल्या गीताचा जो अर्थ सांगितला, किंवा गीताच्या शब्दांतून जो अर्थ उघड दिसतो, त्याहून निराळा अर्थ त्या गीतास असू शकतो काय, हा साहित्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. लोकप्रिय गीताच्या बाबतीत तो अधिक बिकट होतो. कविता बहुधा एकट्याने वाचली जाते. गीत मात्र अनेकांच्या तोंडी जाते व प्रत्येक वेळी निराळ्या प्रसंगी, निराळ्या श्रोत्यांपुढे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आपल्याच परिसरातील एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

इ. स. १९४२ मध्ये आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे चांदा या एकाच जिल्ह्यात मोडत. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. या जिल्ह्यातील चिमूर परिसरात तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरी भजने अतिशय लोकप्रिय होती. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस 'छोडो भारत' ठराव संमत झाला व दुसऱ्या दिवशी पहाटे पुढाऱ्यांची धरपकड झाली. १६ ऑगस्ट रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला उठाव झाला. पोलिसांच्या गोळीबारात नागरिक मृत्युमुखी पडले आणि खवळलेल्या जमावाच्या हातून काही अधिकारी व पोलीस ठार झाले. त्यानंतर गावात शिरलेल्या सैन्याने स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांना दीर्घ उपोषण करावे लागले. ऑगस्टच्या अखेरीस तुकडोजी महाराजांना चंद्रपूर येथे अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. या उठावाशी त्यांच्या एका हिंदी भजनाचे नाव तेव्हापासून जोडले गेले आहे.

त्या भजनाची रचना पाहू. त्यात भारतास पीडा देणाऱ्या कोणाला तरी उद्देशून प्रश्न केलेला आहे आणि आपला 'नाथ' येत असल्याचे बजावले आहे. पुढे झाडाझुडपांना व दगडांना शस्त्रांचे रूप येईल, भक्तांचे सैन्य होईल, अशी कल्पना आहे. उघड अर्थ भक्तिसंप्रदायातील आहे. भक्तांच्या रक्षणासाठी देव धावून येतो आणि त्याच्या सत्तेने निर्जीव वस्तूही कामास लागतात, ही कल्पना आपल्या श्रोत्यांस पुराणश्रवणाने परिचित होती. मराठी माणसास 'अनाथांचा नाथ' म्हटले की पांडुरंगच आठवतो. तथापि शस्त्रांच्या या यादीत बाँबही आहे, आणि तो पुराणातून आलेला नव्हे. तेव्हा हे पद निव्वळ पारमार्थिक होते आणि लोकांनी त्याचा विपर्यास केला, असे म्हणता येत नाही.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे तीन जागा मोकळ्या आहेत. पहिली जागा द्वितीय पुरुषाची. पीडा देणारा कोण, त्याचे नाव नाही. दुसरी जागा 'नाथ' या शब्दाची. त्याच्या येण्याचे क्रियापद बहुवचनी आहे. पण हिंदीत, मराठीप्रमाणेच, आदरार्थ एका व्यक्तीसही बहुवचन लावतात. येणारा एक की अनेक, हे व्याकरण सांगत नाही. तिसरी जागा काळाची. क्रियापद वर्तमानकाळी आहे. परंतु निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो तेव्हा ते रूप पुढे घडावयाच्या क्रियेचे असते. येथेही आगमन नित्याचे, चालू असलेले की उद्याचे, हे रूपावरून ठरत नाही. शांततेच्या काळात या तिन्ही जागा श्रोता भक्तीच्या संकेताने भरतो. ऑगस्ट १९४२ मध्ये त्याच जागा प्रसंगाने भरल्या. पीडा देणारा म्हणजे सरकार आणि आगमनाची वेळ म्हणजे आजची, असा अर्थ झाला. झाडीच्या मुलुखात राहणाऱ्या श्रोत्यांस तर झाड आणि दगड ही उपमानेही दूरची नव्हती.

ही प्रक्रिया आपल्या काव्यशास्त्रास अपरिचित नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने वाच्यार्थाहून भिन्न अशा ध्वनीची स्थापना केली. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त व्यंजनेची निमित्ते सांगताना वक्ता, श्रोता, स्वर, प्रकरण, देश, काल इत्यादींची गणना केली. सूर्यास्ताचे एकच वाक्य गुराख्यास गाई परत नेण्याची व अभिसारिकेस निघण्याची सूचना देते, हे उदाहरण प्रसिद्धच आहे. १९४६ मध्ये विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी कवीचा हेतू हा काव्याच्या परीक्षणाचा निकष नव्हे, असे प्रतिपादन केले. त्यांचे लक्ष मुख्यतः संहितेवर होते. मम्मटाच्या यादीत श्रोता, देश व काल यांनाही स्थान असल्याने गीताच्या विचारास ती अधिक उपयोगी पडते.

याच काळातील दुसरे उदाहरण चित्रपटगीताचे आहे. 'किस्मत' (१९४३) या चित्रपटातील कवी प्रदीप यांच्या गीतात शत्रू म्हणून जर्मन व जपानी यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि म्हणूनच ते परीक्षणातून सुटले. प्रेक्षकांनी मात्र ते इंग्रजांविरुद्धच मानले. चिमूरच्या भजनात जागा मोकळी होती. येथे ती भरलेली असूनही श्रोत्यांनी बदलली. त्याहीपूर्वी खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकात प्रेक्षकांनी कर्झनला ओळखले व सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली.

मग वाटेल तो अर्थ गीतास चिकटविता येईल काय? नाही. सांगितलेल्या अर्थापलीकडचा अर्थ ग्राह्य धरण्यास तीन अटी असाव्यात. शब्दांत तो अर्थ वाहण्याची योग्यता हवी; त्या देशकालात तो सुचविणारी परिस्थिती असल्याचे दाखविता यावे; आणि तो एखाद्या श्रोत्याचा लहरी तर्क नसून समूहाने सामायिकपणे घेतलेला असावा. चिमूरचे उदाहरण या तिन्ही कसोट्यांस उतरते.

परंतु येथेच एक सावधगिरी आवश्यक आहे. लोकांनी घेतलेला अर्थ गीताचा अर्थ ठरला, म्हणून तो गीतकाराचा हेतू ठरत नाही. उठाव घडला, त्याअर्थी भजन उठावासाठीच रचले होते, असे अनुमान करणारी सत्ता गायकास तुरुंगात टाकते; तेच अनुमान करणारा भक्त त्याचा गौरव करतो. एकाच्या मते तो अपराध व दुसऱ्याच्या मते तो पराक्रम असला, तरी तर्कातील दोष एकच आहे. महाराजांची देशभक्ती सर्वविदित आहे व तिला स्वतंत्र प्रमाणे आहेत. त्यासाठी या अनुमानाची गरज नाही. श्रोत्यांनी जो अर्थ घडविला त्याचे श्रेय आणि दायित्व प्रथम श्रोत्यांकडे जाते. तसे न मानल्यास चिमूरच्या सामान्य माणसांची समज इतिहासातून पुसली जाते आणि ते केवळ दुसऱ्याच्या आज्ञेने हललेले ठरतात.

या विवेचनाचा आपल्या अभ्यासपद्धतीशीही संबंध आहे. गडचिरोलीच्या गोंड-माडिया गावांत रेला गीते समूहाने म्हटली जातात. त्यांतील कित्येकांचा कर्ता अज्ञात असतो. तेव्हा 'कवीला काय म्हणावयाचे आहे' हा प्रश्न तेथे लागूच पडत नाही. तरीही गीतसंग्रह करणारे आपले विद्यार्थी एका जाणत्यास अर्थ विचारतात आणि पहिले उत्तर तोच अर्थ म्हणून टिपून घेतात. त्याऐवजी गीत कोणत्या प्रसंगी, कोणी, कोणापुढे म्हटले आणि निरनिराळ्या श्रोत्यांनी त्याचा काय अर्थ सांगितला, याची नोंद प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे ठेवावी. दोन नोंदींत विरोध आढळल्यास त्यांतील एक खोडू नये.