डच क्रियापदाचं मूळ गाव

‘मी आज सायकलने लायडेनला जातो’ हे डचमध्ये असं म्हणतात: ‘इक फीट्स व्हंडाख नार लायडेन’. क्रियापद ‘फीट्स’, दुसऱ्या जागेवर. आता ‘आज’ पुढे आणा: ‘व्हंडाख फीट्स इक नार लायडेन’. कर्ता निमूट मागे सरकला, क्रियापद मात्र जागचं हललं नाही!

पण ‘ऑमदात’, म्हणजे ‘कारण’, लावून तर बघा: ‘ऑमदात इक व्हंडाख नार लायडेन फीट्स’. कारण मी आज लायडेनला सायकलने जातो. क्रियापद थेट शेवटी! अहो, हा तर आपलाच क्रम.

मग डच क्रियापदाचं खरं घर कुठलं, दुसरी जागा की शेवट? भाषाशास्त्रज्ञ यान कॉस्टर यांनी १९७५ साली उत्तर दिलं: शेवट. मुख्य वाक्यात ते तिथून उठून पुढे येतं, एवढंच. पुरावा हवाय? ‘ऑपबेलेन’ म्हणजे फोन करणं. ‘मी तुला उद्या फोन करतो’ म्हणताना त्याचे चक्क दोन तुकडे होतात: ‘इक बेल ये मॉर्खेन ऑप’. ‘बेल’ पुढे गेलं, ‘ऑप’ मूळ गावीच राहिलं!

इथवर डच माणूस आपला भाऊबंद वाटतो. खरी गंमत पुढे आहे. ‘कारण मी आजीला मुलांना सायकल चालवायला शिकवताना पाहिलं.’ मराठीत नामं येतात मी, आजी, मुलं. क्रिया मात्र उलट्या: चालवणं मुलांचं, शिकवणं आजीचं, पाहणं माझं. डब्यात डबा, त्यात डबा. जर्मनही असंच करतात. आणि डच? ‘ऑमदात इक ओमा द किंडरेन झाख लेरेन फीट्सेन’: मी, आजी, मुलं; पाहिलं, शिकवणं, सायकल चालवणं. पहिल्या नामाला पहिली क्रिया, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला तिसरी. जोड्यांच्या रेघा ओढल्या तर सगळ्या एकमेकींना छेदतात!

एवढा गुंता डोक्यात मावतो कसा? बाख, ब्राउन आणि मार्सलेन-विल्सन या संशोधकांनी डच आणि जर्मन भाषकांना आपापल्या भाषेतली अशी वाक्यं देऊन पाहिली. निष्कर्ष १९८६ साली छापले. दोन क्रियापदांपर्यंत फरक नव्हता. त्यापुढे गुंता वाढला तशी डच मंडळींचीच वाक्यं जास्त सोपी ठरली. कारण ‘पाहिलं’ आधी कळलं की पुढचं काय कशात बसवायचं ते ऐकणाऱ्याला लगेच उमगतं. जर्मन श्रोत्याला ते शेवटपर्यंत अधांतरी धरून ठेवावं लागतं.

आपल्यालाही, बरं का!