गुपिते शोधणाऱ्याचे गुपित

रहस्यकथेचा नायक कसा असावा, याबद्दल वाचकांची मते फार पक्की असतात. बाबूराव अर्नाळकरांचा धनंजय आणि झुंजार ज्यांनी लायब्ररीतून आणून दिवसाला एक या हिशेबाने फस्त केले, त्या पिढीला नायक धाडसी हवा, हजरजबाबी हवा, आणि शेवटच्या प्रकरणात खुनी त्याच्या हाती लागायला हवा. त्याच्या घरी कोण असते याची चौकशी आम्ही कधी केली नाही. शेरलॉक होम्स अविवाहित, पॉयरोही अविवाहित. का, असे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही.

म्हणूनच ‘थर्ड मॅन आउट’ हा २००५ सालचा अमेरिकन चित्रपट पाहताना मला गंमत वाटली. नायक डोनाल्ड स्ट्रॅची हा न्यूयॉर्क राज्याची राजधानी असलेल्या अल्बनी शहरातला खासगी गुप्तहेर. धंदा बेताचा, तोंड फटकळ. दिवसभर मारामाऱ्या करून तो घरी येतो तेव्हा काळजीने वाट पाहणारे माणूसही तिथे असते. फक्त ते माणूस म्हणजे बायको नसून टिमथी नावाचा पुरुष आहे. चित्रपट याचे कोणतेही स्पष्टीकरण देत बसत नाही. इतर गुप्तहेरांच्या घरात असतो तसाच यांचाही संसार, आणि तशाच कुरबुरी!

स्ट्रॅचीला जन्म दिला रिचर्ड लिपेझ या लेखकाने, रिचर्ड स्टीव्हन्सन या टोपणनावाने. पहिली कादंबरी १९८१ सालची. २००५ ते २००८ या काळात त्यांवर चार चित्रपट निघाले. चारही रॉन ऑलिव्हर यांनी दिग्दर्शित केले. २०२२ साली लेखक गेला, पण स्ट्रॅचीचे चाहते अजून आहेत.

‘थर्ड मॅन आउट’ची कथा मला महत्त्वाची वाटते ती वेगळ्याच कारणाने. जॉन रुटका हा चळवळ्या माणूस. समलिंगी असूनही ते लपवून ठेवणाऱ्या प्रतिष्ठितांची नावे जाहीर करायची, हा त्याचा उद्योग. आपल्या जिवाला धोका आहे म्हणून तो स्ट्रॅचीकडे येतो. हा गृहस्थ सरळ नाही हे लक्षात येताच स्ट्रॅची काम सोडतो; आणि थोड्याच वेळात रुटकाच्या मृत्यूची बातमी येते. आता संशयित किती? रुटकाच्या फायलीत जितकी नावे, तितके! पुढचे सांगत नाही. रहस्यपटाचा शेवट फोडणाऱ्याला क्षमा नसते.

पण प्रश्न उरतोच. दुसऱ्याचे गुपित चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार कुणाला? गुप्तहेराचे पोटच गुपिते उकरण्यावर चालते. इथे मात्र तो स्वतः अशा समाजातून आलेला आहे, जिथे एका गुपितापायी नोकऱ्या गेल्या, घरे तुटली, जीव गेले. कुठले कुलूप उघडायचे आणि कुठले तसेच राहू द्यायचे, याचा विचार त्याला करावाच लागतो.

पडद्यावर ही वेळ यायला बराच काळ जावा लागला. १९४१ च्या ‘द माल्टीज फाल्कन’मध्ये पीटर लोरी यांचा जोएल कैरो गुप्तहेराच्या कचेरीत येतो तो सुगंधी कार्ड पुढे धाडून. हॉलिवूडच्या नीतिनियमांमुळे उघड काही बोलता येत नव्हते, म्हणून अत्तराचा वास पुरेसा मानला जाई. असे पात्र बहुधा खलनायकाच्या बाजूचे. १९६१ चा ब्रिटिश चित्रपट ‘व्हिक्टिम’ याहून धीट. समलिंगी संबंध तिथे तेव्हा गुन्हा होता, आणि त्या कायद्याच्या जोरावर ब्लॅकमेल करणाऱ्यांचे फावत होते. डर्क बोगार्ड यांचा बॅरिस्टर आपली कारकीर्द पणाला लावून त्या टोळीचा माग काढतो. इंग्लंड-वेल्समध्ये कायदा बदलला १९६७ साली.

स्ट्रॅचीची भूमिका करणाऱ्या चॅड ॲलन यांची हकिगत तर चित्रपटाइतकीच बोलकी आहे. लहानपणापासून दूरदर्शन मालिकांत गाजलेला हा नट. १९९६ साली, ऐन विशीत असताना, एका सनसनाटी साप्ताहिकाने एका पुरुषाबरोबरची त्यांची छायाचित्रे छापली. जे सांगायचे ते कधी आणि कुणाला सांगायचे, हे ठरवण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. पुढे ते स्वतः उघडपणे बोलले, आणि नऊ वर्षांनी नेमक्या याच विषयावरच्या चित्रपटात नायक म्हणून उभे राहिले. २०१५ मध्ये अभिनय सोडून ते मानसशास्त्राकडे वळले.

हे सारे लांबच्या देशातले, असे म्हणून पान उलटावे, तर ते जमत नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे कवी-प्राध्यापक रामचंद्र सिरस यांच्या घरात फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन माणसे घुसली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर तो गुन्हाही राहिला नव्हता. तरी निलंबित झाले ते सिरस. अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली, पण काही दिवसांतच, एप्रिलमध्ये, ते घरी मृतावस्थेत सापडले. हंसल मेहतांच्या ‘अलीगढ’मध्ये मनोज बाजपेयी यांनी त्यांना पडद्यावर आणले. कलम ३७७ चा पेच सर्वोच्च न्यायालयाने कायमचा सोडवला तो सप्टेंबर २०१८ मध्ये. मराठी कवितेत रमलेल्या त्या माणसाच्या दारावर त्या रात्री आलेल्यांना काय शोधायचे होते, हे मला आजही उमगत नाही.

स्ट्रॅचीचा दुसरा चित्रपट, २००६ चा ‘शॉक टू द सिस्टम’, समलिंगी मुलांना ‘बरे’ करण्याचा दावा करणाऱ्या उपचारांवर आहे. एक तरुण गुप्तहेराकडे येतो आणि लगेच मरतो. आत्महत्या म्हणून प्रकरण मिटण्याच्या बेतात असते. स्ट्रॅची रुग्ण बनून त्या उपचारवर्गात शिरतो. त्या मुलाची आई हे या चित्रपटातले लक्षात राहणारे पात्र. पोराच्या भल्याची कल्पना आईबापांनी आपल्यापुरती ठरवून टाकली की काय होते, हे पालकांनी जरूर पाहावे.

कलाकृती म्हणून हे चित्रपट थोर नाहीत. खर्च बेताचा, आणि रहस्यही मुरलेल्या वाचकाला अर्ध्यातच कळावे असे. पण वाट त्यांनी मळवली. २०२२ च्या ‘ग्लास अनियन’मध्ये डॅनियल क्रेगच्या बेन्वा ब्लाँककडे कुणी मदत मागायला येते, तेव्हा दार उघडतो तो ह्यू ग्रँट, स्वयंपाकघरातून पीठ लागल्या अंगाने आलेला. हा ब्लाँकचा जोडीदार. प्रसंग जेमतेम काही क्षणांचा. प्रेक्षक हसतात आणि पुन्हा खुनाच्या मागे लागतात.

तसेच व्हायला हवे. खुनी कोण, ही उत्सुकता मलाही शेवटच्या प्रसंगापर्यंत असते आणि ती असावीच. पण शेजारच्या घरात कोण कुणाबरोबर राहते, या उत्सुकतेला तपास म्हणत नाहीत. घरातली मोठी मुले बरोबर असतील तर त्यांच्यासह एखाद्या रविवारी ‘थर्ड मॅन आउट’ पाहा. खुनी ओळखण्याची पैज लावा, आणि चित्रपट संपल्यावर रुटकाने केले ते बरोबर होते का, हे त्यांना विचारा. आमच्या घरी त्या प्रश्नावर एकमत झाले नाही.