मूळ की संयुक्त? एका एकवीस अंकी संख्येचा धडा

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. मोठ्या संख्यांबद्दलचे आपले बरेचसे गैरसमज ही एकटी दूर करू शकते.

गैरसमज : लहान संख्यांनी भाग गेला नाही, म्हणजे ती मूळ संख्याच.

वस्तुस्थिती : हिच्या अंकांची बेरीज १०९, म्हणून ३ ने भाग जात नाही. शेवटी ७ आहे, म्हणून २ आणि ५ ही बाद. १ सोडला तर हिचा सर्वांत लहान विभाजक आहे १९,३७,०७,७२१! त्याआधीच्या लाखो मूळ संख्यांनी भागून पाहिलं तरी प्रत्येक वेळी बाकी उरते. तरीही संख्या संयुक्तच आहे.

गैरसमज : घातांक मूळ असेल, तर २ च्या त्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्याच मिळते.

वस्तुस्थिती : ११ मूळ आहे; पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. घातांक मूळ असणं आवश्यक आहे, पुरेसं नाही. फ्रान्सच्या मॅरँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची यादी दिली. तिच्यात ६७ आणि २५७ चुकून आले. ६१, ८९ आणि १०७ सुटले. नाव कितीही मोठं असो, गणितात सिद्धताच लागते.

गैरसमज : अवयव सापडल्याशिवाय संख्या संयुक्त आहे असं सिद्ध करता येत नाही.

वस्तुस्थिती : एदुआर लुकास यांनी १८७६ मध्ये आपली एकवीस अंकी संख्या मूळ नाही हे सिद्ध केलं, एकही अवयव हाती नसताना. त्यांची पद्धत पुढे लेमर यांनी सुटसुटीत केली. ती ३१, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १, यावर करून पाहा. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, ३१ ने भागून बाकी घ्यायची. पहिल्यांदा १४ येतात. मग १९४, बाकी ८. मग ६२, बाकी शून्य. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे तीन वेळा हे केल्यावर शून्य आलं, म्हणून ३१ मूळ. घातांक ६७ असताना हेच ६५ वेळा करावं लागतं आणि शेवटी शून्य येत नाही. निकाल लागतो, अवयव मात्र कळत नाहीत.

गैरसमज : अवयव शोधायचे म्हणजे नुसती अंदाजपंचे भागाकारांची रांग.

वस्तुस्थिती : या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे, हे सिद्ध करता येतं. एवढ्या एका नियमानं बहुतेक सगळे उमेदवार गळतात. अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये अवयव जाहीर केले : १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. पहिल्यातून १ वजा करून १३४ ने भागा, बरोबर १४,४५,५८० येतात.

गैरसमज : आता संगणक आहेत, त्यामुळे हा प्रश्नच उरला नाही.

वस्तुस्थिती : कोल यांचे अवयव आज संगणक क्षणात काढतो. पण २ चा १२७७ वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त असल्याचं सिद्ध होऊनही तिचा एकही अवयव अद्याप सापडलेला नाही. गुणाकार सोपा, उलट वाट अवघड. इंटरनेटवरच्या आरएसए कूटपद्धतीची सुरक्षितता याच फरकावर उभी आहे. म्हणून मुलांना अवयव पाडायला शिकवताना हेही जरूर सांगावं : संख्या संयुक्त आहे हे कळणं आणि तिचे अवयव कळणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.