चढापेक्षा उतार धोक्याचा! बर्फात ट्रॅक्टरच्या चाकांना साखळ्या का बांधतात?

अमेरिकेतील व्हरमाँट, मिनेसोटासारख्या राज्यांत घरापासून रस्त्यापर्यंतच्या खासगी वाटेवरचा बर्फ घरमालकालाच हटवावा लागतो. अनेक जण त्यासाठी छोटा ट्रॅक्टर वापरतात. चिखलातून सहज निघणारा ट्रॅक्टर इथे मात्र घसरतो. चिखलात टायरचे दात रुततात. कडक बर्फात ते रुतत नाहीत.

गणित सोपे आहे. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक साधारण 0.7 असतो, कडक बर्फावर 0.1 च्या आसपास. म्हणजे 1,500 किलोच्या ट्रॅक्टरला धरून ठेवणारा जोर जेमतेम 150 किलो वजनाइतका. दर 10 मीटरला 1 मीटर उतार असेल, तर जवळपास तेवढ्याच जोराने तो खाली ओढला जातो! त्यात बहुतेक छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि पुढची बकेट भरली की तीच चाके हलकी होतात. चढताना चाक जागीच फिरते, एवढेच. उतरताना ब्रेक दाबल्यावर चाक थांबते, ट्रॅक्टर नाही.

साखळीच्या पोलादी कड्या बर्फात रुततात. पण शिडीसारख्या साखळीचे आडवे पट्टे शेतीच्या टायरच्या खोल खाचांत जाऊन बसतात आणि काहीच उपयोग होत नाही. तिथे जाळीदार साखळी लागते. थोडे अंतर चालवून ती पुन्हा ताणावी लागते, नाहीतर मडगार्डवर आपटते. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्याने त्या चाकांवर भार येतो खरा, पण वजनाबरोबर खाली ओढणारा जोरही वाढतो. साखळ्यांचे ओरखडे काँक्रीटवर उमटतात, ते वेगळेच.