बोदवडच्या अंगणात चेरी ब्लॉसम फुलेल का?

रीलमध्ये गुलाबी चेरी ब्लॉसम दिसतो आणि लगेच रोपाची ऑनलाइन जाहिरातही येते. ते रोप बोदवडमध्ये लावलं तर? खत-पाणी वेळेवर दिलं तरी जपानसारखा बहर येणार नाही. कमी पडते ती थंडी.

चेरीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि हिवाळ्यात झोपी जातात. त्यांना जाग यायला साधारण ७ अंशांखालचे शेकडो तास लागतात. जळगाव जिल्ह्यात थंडीच्या लाटेत पहाटे गारठा पडतो खरा, पण दुपारी पुन्हा ऊन तापतं आणि तासांचा हिशेब पूर्णच होत नाही. त्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर. बियांचं पाकीट तर आणखी फसवं, कारण उगवण्याआधी त्यांनाही काही आठवडे गारवा लागतो.

शिलाँगला नोव्हेंबरमध्ये चेरी फुलते, पण ती डोंगराळ थंड हवेतली जात आहे, पद्मकाष्ठ. आणि मुंबईत विक्रोळीच्या हायवेवर दरवर्षी व्हायरल होणारी गुलाबी झाडं? ती चेरी नव्हेतच. तो अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आलेला टॅबेबुया.

बोदवडच्या अंगणासाठी कांचन बरा. दसऱ्याला आपटा समजून ज्याची पानं वाटली जातात, तोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडलेल्या फांद्यांवर गुलाबी-जांभळी फुलं येतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावा. काळ्या जमिनीत मुळाशी पाणी साचतं, म्हणून थोड्या उंचवट्यावर. पहिले दोन उन्हाळे मात्र पाणी चुकवू नये.